वेढे वाढवले की फील्ड वाढतंच असं नाही

असं सांगितलं जातं की कॉइलचे (वायर गोल गुंडाळून केलेल्या वेटोळ्याचे) वेढे दुप्पट केले की चुंबकीय क्षेत्र, म्हणजे फील्ड, दुप्पट होतं. होतं, पण करंट तेवढाच ठेवला तर! बॅटरी तीच, वायर तेवढ्याच जाडीची आणि वेढे दुप्पट म्हणजे वायरची लांबी दुप्पट, रेझिस्टन्स दुप्पट, करंट निम्मा, म्हणजे वेढे गुणिले करंट जिथल्या तिथे आणि मध्यभागचं फील्ड जवळपास तेवढंच. फायदा एवढाच की पॉवर निम्मी लागते आणि कॉइल कमी तापते, जो माझ्या मते चांगलाच मोठा फायदा आहे. फील्डच वाढवायचं असेल तर जाड वायर घ्या किंवा व्होल्टेज वाढवा.

आकड्यांचा अंदाज हवा असेल तर १०० वेढे, ५ सेंटीमीटर त्रिज्या आणि १ अँपिअर करंट धरला तर केंद्रात साधारण १.२६ मिलिटेस्ला म्हणजे १२६० मायक्रोटेस्ला (टेस्ला हे फील्ड मोजायचं एकक) येतं, पृथ्वीचं स्वतःचं फील्ड २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असतं त्यामुळे होकायंत्राची सुई मुकाट्याने कॉइलचंच ऐकते. पण हे केंद्रात हं, अक्षावर (कॉइलच्या केंद्रातून आरपार जाणाऱ्या सरळ रेषेवर) त्रिज्येइतकं म्हणजे ५ सेंटीमीटर बाहेर आलात की ३५ टक्केच उरतं आणि आणखी लांब गेल्यावर तर अंतराच्या घनाच्या प्रमाणात घसरतं.

एकसारखं फील्ड पाहिजे असेल तर दोन सारख्या कॉइल त्रिज्येइतक्या अंतरावर समोरासमोर ठेवा, यालाच हेल्महोल्ट्झ कॉइल म्हणतात. दोन्हीत करंट एकाच दिशेने फिरतोय ना ते मात्र बघा, उलटा जोडला तर बरोब्बर मधोमध शून्य!