ऑस्ट्रेलियात इलेक्ट्रिक गाडीचा प्रचार मी बंद केलाय

वेरिबीकाठी
आधीच सांगतो, गाडीबद्दल माझी तक्रार शून्य. मेलबर्नच्या पश्चिमेला घर आहे, छपरावर सोलर. दुपारची उरलेली वीज ग्रिडला विकून आता चणे-फुटाण्याचेही पैसे सुटत नाहीत. व्हिक्टोरियात २०२४-२५ला किमान दर युनिटला ३.३ सेंट होता, पुढच्या वर्षी ०.०४ सेंट! तीच वीज गाडीत घातली की पेट्रोल वाचतं. त्यात गाडी नोव्हेटेड लीजवर, म्हणजे नोकरीच्या कंपनीमार्फत भाडेकराराने घेतलेली, हप्ता कर कापायच्या आधीच्या पगारातून जातो. ठरावीक किमतीच्या आतल्या इलेक्ट्रिक गाड्यांना जुलै २०२२पासून फ्रिंज बेनिफिट टॅक्स (कर्मचाऱ्याला दिलेल्या सोयींवर कंपनीला लागणारा कर) माफ आहे.

मग मी जो भेटेल त्याच्या मागे लागलो. डॉकलंड्सला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या एका मित्राला पटवलंच. त्याच्या पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय नाही. घरमालक म्हणतो कमिटीला विचार, कमिटी म्हणते पुढच्या सभेत बघू. आठवड्यातून दोनदा हा बाहेर फास्ट चार्जरपाशी बसतो आणि माझ्या कितीतरी पट पैसे मोजतो. गणपतीच्या आरतीनंतर चारचौघांत मला म्हणाला, "कमिशन किती मिळालं रे तुला?"

तेव्हापासून तोंड बंद. स्वतःचं छप्पर आणि बरा पगार असलेल्यांची गाडी आहे ही. सवलतसुद्धा जो जास्त कर भरतो त्यालाच जास्त मिळते.

चक्रधर
मित्राचं पार्किंग कसं आहे हे न विचारता गाडी गळ्यात मारलीत, यात गाडीचा काय दोष?

आणि लीजवाल्यांना नावं ठेवू नका. त्यांच्याच गाड्या तीन-चार वर्षांनी सेकंडहँड बाजारात येतात. मी तशीच घेतली. पहिल्या मालकाने घसारा सोसला, मी चालवतोय. आता नवीसुद्धा तीस हजार डॉलरच्या आत मिळते. २०१७ला होल्डन या मोटार कंपनीचा ॲडलेडजवळच्या एलिझाबेथचा कारखाना बंद झाला, त्यानंतर वाचवायला इथे मोटार उद्योगच उरला नाही. म्हणून चिनी गाड्यांना अमेरिकेसारखी जकातीची भिंत नाही. फायदा गिऱ्हाइकाचाच आहे की.

लालमाती
तुम्ही शहरवाले शहरापुरतंच बोलता. मी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या दूरच्या पिलबारात खाणीवर आहे. २०१९च्या निवडणुकीत तेव्हाचे पंतप्रधान मॉरिसन म्हणाले होते की विरोधी पक्षनेते शॉर्टन वीकेंड संपवायला निघालेत, कारण इलेक्ट्रिक गाडी ट्रेलर-बोट ओढणार नाही. बोलणं आचरट होतं. ओढते, चांगली ओढते. पण मागे कॅराव्हॅन लावली की रेंज निम्म्यावर येते, आणि इथे निम्म्या रेंजमध्ये कधीकधी पुढचं गावच येत नाही.

पर्थ ते ॲडलेड २७०० किलोमीटर. मधे नलार्बरच्या ओसाड मैदानावर काइगुनाच्या रोडहाउसला एका हौशी इंजिनिअरने चिप्स तळून उरलेल्या तेलावर चालणारा चार्जर बसवला होता. वड्यांच्या तेलावर गाडी! कौतुक आहेच, पण त्या भरवशावर मी माझी टोयोटा हायलक्स विकणार नाही.

चक्रधर
लालमाती, तुमचं मान्य. पण देशातले बहुतेक लोक पाच-सहा शहरांत राहतात आणि आयुष्यात एकदाही नलार्बर ओलांडत नाहीत. मेलबर्न-सिडनी मी तीनदा गेलोय. युरोआ, वोडोंगा, गंडगाय, गोलबर्न, सगळीकडे चार्जर आहेत. लाँग वीकेंडला रांग लागते, तेव्हा चहाचा थर्मास बरोबर ठेवायचा.

हिशेबनीस
रस्त्याच्या पैशांबद्दल कुणीच बोलत नाहीये. पेट्रोलवाला लिटरमागे साधारण ५० सेंट एक्साइज (इंधनावरचा केंद्राचा कर) भरतो. शंभर किलोमीटरला आठ लिटर धरा, झाले चार डॉलर. इलेक्ट्रिकवाला शून्य. व्हिक्टोरियाने २०२१ला किलोमीटरला अडीच सेंट लावले, म्हणजे शंभराला अडीच डॉलर, पेट्रोलवाल्यापेक्षा कमीच. तरी लोक हायकोर्टात (इथलं सर्वोच्च न्यायालय) गेले आणि ऑक्टोबर २०२३मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी जिंकले. वर विजयोत्सव! फुकट वापरायचं आणि पृथ्वी वाचवतो म्हणायचं.

चक्रधर
निकाल नीट वाचा. इलेक्ट्रिक गाड्यांवर कर नको असं कोर्ट म्हणालेलं नाही. असा कर राज्याला लावता येत नाही, तो केंद्राचा अधिकार, एवढंच. आणि एक्साइज काही रस्त्याच्या डब्यात पडत नाही, सरकारच्या सामाईक तिजोरीत जाते.

वेरिबीकाठी
यात मी हिशेबनीस यांच्या बाजूने. केंद्राने उद्या किलोमीटरमागे कर लावला तर भरेन. फक्त भार बघून लावा, अडीच टनाच्या युटला (मागे उघडा हौदा असलेली गाडी) आणि माझ्या हॅचबॅकला एकच दर नको.

रानमेवा
व्हिक्टोरियातली वीज अजून लॅट्रोब व्हॅलीच्या तपकिरी कोळशावर बरीचशी चालते, हे कुणी सांगेल का? टास्मानियात जलविद्युत आहे, तिथल्यांनी मिरवावं.

चक्रधर
कोळशाचा वाटा दरवर्षी कमी होतोय. पेट्रोलची गाडी मात्र जन्मभर पेट्रोलच पिणार.

अर्धीबॅटरी
ज्याच्यावरून धागा निघाला तो मीच. सवलत-बिवलत तुमचं चालू द्या, माझी अडचण एका सॉकेटची आहे. माझ्या पार्किंगच्या खांबावर १० अँपिअरचा साधा सॉकेट आहे, सफाईवाले वापरतात. त्यावर तासाला बारा-पंधरा किलोमीटर भरतात, रात्रभरात सव्वाशे. मला तेवढं पुष्कळ, सात किलोवॅटचा वॉलबॉक्स (भिंतीवरचा खास चार्जर) नकोच. पण वीज सामाईक मीटरवर पडते म्हणून कमिटी अडून बसलीय. स्वतःच्या खर्चाने वेगळा सबमीटर बसवून कुणी परवानगी मिळवलीय का? अर्जात काय लिहिलं, खर्च किती आला? सभा पुढच्या मंगळवारी आहे.

आणि वेरिबीकाठी, सभेला तू येणार आहेस माझ्याबरोबर. आरतीला जे बोललो ते मात्र मागे घेत नाही.