दिवा पेटीच्या आत की जाळीच्या वर?

सरडेप्रेमी:
बिअर्डेड ड्रॅगनसाठी, म्हणजे माझ्या पाळीव सरड्यासाठी, प्लायवूडची पेटी बनवली आहे. चार फूट लांब, दोन फूट उंच, समोर सरकती काच, छत अख्खं प्लायचं. जो तो सांगतोय, छत कापून जाळी लाव आणि दिवे वर ठेव, म्हणजे प्राणी भाजणार नाही. मला हे पटत नाही. दिवे आतच हवेत, छताला स्क्रूने पक्के, भोवती तारेचा पिंजरा. कारण यूव्हीबी, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांची एक जात. काचेतून ती जवळजवळ येतच नाही आणि बारीक जाळीसुद्धा तिचा तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त, अडवते. पेटी लख्ख दिसते म्हणून आपण निर्धास्त असतो, आणि कातडीत डी३ जीवनसत्त्व तयार व्हायला पुरेसं काही खाली पोचतच नाही. मग हाडं मऊ पडतात, जबडा दाबला तर वाकतो. हे मी एका ड्रॅगनमध्ये पाहिलंय, पुन्हा पाहायचं नाही.

जाळीच बरी:
साफ असहमत. माझ्याकडे अजगर होता, सिरॅमिक हीटर (उजेड न देता फक्त ऊब देणारा) आत, त्याला पिंजराही होता. एका रात्री तो त्या पिंजऱ्यालाच वेटोळे घालून बसला. पोटावरचे खवले भाजले, तीन वेळा कात टाकली तरी डाग गेला नाही. चटका बसत असूनही हे प्राणी जागचे हलत नाहीत, हे लक्षात घ्या. यूव्ही कमी पडते तर ट्यूब जाड टी८ ऐवजी जास्त ताकदीची, बारीक टी५ घ्या. भाजलेलं पोट असं बदलून मिळत नाही.

सरडेप्रेमी:
वाचून वाईट वाटलं. पण तो पिंजरा हीटरला चिकटून असणार. हीटर किंवा बल्ब तासभर चालू ठेवून तारेला बोट लावायचं. बोट टेकवून ठेवता येत नसेल तर पिंजरा लहान आहे. सापासाठी तर आत काही नकोच, तिथे मी तुमच्या बाजूने. ड्रॅगन छताला लोंबकळत नाही.

वायरमन:
आत की बाहेर या वादात होल्डर विसरलात. हीटर किंवा उष्ण बल्ब असेल तर होल्डर चिनीमातीचाच हवा. प्लॅस्टिकचा आधी पिवळा पडतो, मग तडकतो, आणि एक दिवस बल्ब खाली येतो. क्लिपवर लटकवलेला दिवा तर मी कुठेच मान्य करणार नाही, आतही नाही, बाहेरही नाही.

आता लाकूड. वर्षभर वापरलेला एक होल्डर मी उतरवला, मागचा प्लाय गडद तपकिरी झालेला, नखाने खरवडला तर भुगा पडला. रोज तापत राहिलेलं लाकूड पुढे कमी उष्णतेलाही पेट घेतं. म्हणून होल्डरमागे धातूचा पत्रा आणि वॉशर घालून बोटभर फट ठेवा. वायर उष्णता सोसणारी घ्या.

आणि थर्मोस्टॅटचा (तापमान बघून हीटर चालू-बंद करणारं यंत्र) प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, नुसता सोडू नका, बांधा. तो पेटीबाहेर घसरला तर त्याला सतत थंडीच लागते आणि हीटर बंदच होत नाही. उजेडाच्या बल्बला डिमिंगचा, म्हणजे वीज हळूहळू कमी-जास्त करणारा, थर्मोस्टॅट लागतो, साध्या चालू-बंदवर तो दिवसभर उघडझाप करत राहतो.

जाळीच बरी:
फट आणि पत्रा मान्य. मग निदान उष्णतेचा बल्ब तरी जाळीवर ठेवा, यूव्हीची ट्यूब आत.

सरडेप्रेमी:
ज्यांच्या छताला जाळी आहे त्यांना चालेल, पण दोन्ही एकाच बाजूला हवेत. ऊन खायला तो जिथे बसतो तिथेच ऊब आणि यूव्ही एकत्र पडली पाहिजे, आणि तीही वरून. बाजूने आली तर थेट डोळ्यात जाते, भुवईच्या उंचवट्याची सावली कामाला येत नाही. बसायच्या दगडावर ४० अंशांच्या आसपास तापमान मिळतंय का, ते आधी मोजते. पत्रा उद्याच बसवते. छत मात्र कापणार नाही.

जाळीच बरी:
दगड आणि दिवा यांतलं अंतर मोजताना त्याची पाठ धरा, दगड नव्हे. तो मान वर करून बसतो.