शब्दचर्चा : चिपच्या कारखान्यातल्या ‘यील्ड’ला मराठीत काय म्हणायचं?
(बोलणारे नागपूरकर आपापल्या भागाच्या नावाने.)

धरमपेठ
चिप उद्योगाच्या बातम्या मराठीत आणताना ‘यील्ड’पाशी गाडी अडते. सांगायचं असतं की सिलिकॉनच्या चकतीवर (वेफरवर) घडवलेल्या चिपांपैकी ६० टक्के चाचणीत चांगल्या निघाल्या. छापून येतं, ‘कंपनीचं उत्पादन ६० टक्क्यांवर’. वाचणाऱ्याला वाटतं, ४० टक्के कारखाना बंद पडलाय. प्रत्यक्षात तो रात्रंदिवस पूर्ण क्षमतेने चालू असू शकतो. ‘उत्पन्न’, ‘उत्पादकता’, ‘फलनिष्पत्ती’ हेही वाचनात आलेत, पण एकही नेमका वाटत नाही.

कॉटन मार्केट
उतारा. जिनिंगमध्ये हा रोज तोंडात असलेला शब्द आहे. क्विंटलभर कापूस जिनमध्ये घातला की ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकीची सरकी आणि किलो-दोन किलो घट. ‘रुईचा उतारा ३४’ म्हटलं की व्यापाऱ्याला भाव कळतो. साखर कारखान्यातही ‘साखर उतारा’च म्हणतात. घातलं किती आणि त्यातून कामाचं हाती आलं किती, एवढाच त्याचा अर्थ. दिवसभरात किती गाठी बांधल्या, ते उत्पादन. उत्पादन वाढूनही उतारा घसरू शकतो, म्हणून दोन शब्द वेगळेच हवेत.

महाल
शब्द आवडला, पण दोन अडचणी आहेत. एक, उताऱ्याचे अर्थ फार : सातबाराचा उतारा, पुस्तकातला उतारा, विषावरचा उतारा. दुसरी जास्त महत्त्वाची. रुईचा उतारा कधीच १०० होणार नाही, कारण सरकी हा कापसाचाच भाग आहे. चिपांचं तसं नाही. तिथे प्रत्येक चिप चांगली निघावी अशीच अपेक्षा असते.

हिंगणा रोड
महालकरांचा दुसरा मुद्दा बरोबर आहे. चकती गोल आणि चिपा चौकोनी, त्यामुळे कडेला अर्धवट चिपा येतातच; पण त्या हिशेबात धरतच नाहीत. कापताना दोन चिपांमधली पट्टी जाते, तीही नाही. छेदात फक्त पूर्ण चिपा असतात. म्हणून पहिल्या उल्लेखात ‘चांगल्या चिपांचा उतारा’ असं पूर्ण लिहावं, पुढे नुसता ‘उतारा’ चालेल. बाकीच्या अर्थांची भीती नको, संदर्भ ते सांभाळून घेतो.

हा शब्द मला पटतो त्याचं मुख्य कारण, तो टप्प्याटप्प्याला लावता येतो. अत्याधुनिक चिप हजाराहून अधिक पायऱ्यांतून जाते आणि चकती कारखान्यात जवळपास तीन महिने फिरते. प्रत्येक पायरीचा उतारा ९९.९ टक्के धरला, तर हजार पायऱ्यांनंतर शेवटी उरतात ३७ टक्के. ९९.९९ धरला तर ९०. कुणी ‘९९.९ टक्के अचूक’ असं कौतुकाने लिहिलं, तर आधी ते एका पायरीचं आहे की पूर्ण प्रवासाचं, हे विचारा.

दोष म्हणजे नेमकं काय, तेही सांगतो. धुळीचा कण हा जुना शत्रू आहेच. चकतीवर नक्षी प्रकाशाने छापतात. ‘ईयूव्ही’ छपाईत, म्हणजे १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या टोकाच्या अतिजंबु प्रकाशात, नवाच प्रश्न येतो. त्या प्रकाशाच्या एका कणात ९२ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा असते. जुन्या १९३ नॅनोमीटरच्या प्रकाशात ती साधारण ६.४ असायची. म्हणजे तेवढ्याच ऊर्जेत प्रकाशकण १४ पटींनी कमी. कण कमी झाले की ते कुठे किती पडतील याचा भरवसा राहत नाही. चिपचे थर एकमेकांना जोडायला अब्जावधी भोकं पाडायची असतात, त्यातल्या एखाद्या भोकाच्या वाट्याला कमी कण येतात आणि ते उघडतच नाही. यंत्र बरोबर, रसायन बरोबर, खोली स्वच्छ, तरी चिप गेली. उपाय म्हणून प्रकाशाची मात्रा वाढवावी, तर तासाला निघणाऱ्या चकत्या कमी होतात. उतारा वाढवायला उत्पादन घटवावं लागतं, ते इथे. दोन्हींना एकच शब्द वापरला तर हे वाक्य लिहिताच येणार नाही.

धरमपेठ
मग दोन कंपन्यांचे उतारे शेजारी ठेवून ‘अमकी पुढे’ असं लिहिता येईल का?

हिंगणा रोड
चिपचा आकार सारखा असल्याशिवाय नाही. उतारा चिपच्या क्षेत्रफळावर ठरतो. तुलना करायची तर ‘दोषघनता’ बघा, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरमागे दोष किती. २०२४ मध्ये इंटेलने आपल्या ‘१८ए’ नावाच्या चिप घडवण्याच्या प्रक्रियेची दोषघनता ०.४० च्या खाली आल्याचं सांगितलं होतं. ०.४० धरून पॉयसाँच्या सूत्राने (त्यात दोष कुठेही, एकेकटे पडतात असं धरतात) काढा : एक चौरस सेंटिमीटरच्या चिपचा उतारा ६७ टक्के, आठ चौरस सेंटिमीटरच्या चिपचा फक्त ४. कारखाना तोच, प्रक्रिया तीच. (प्रत्यक्षात दोष घोळक्याने येतात, त्यामुळे मोठ्या चिपांचा आकडा याहून थोडा बरा असतो.)

आता दोषघनता ०.१ धरा आणि ३०० मिलिमीटरची चकती घ्या. ८०० चौरस मिलिमीटरच्या चिपा जेमतेम ६४ बसतात, चांगल्या निघतात २८-२९. तेच काम २०० चौरस मिलिमीटरच्या चार तुकड्यांत विभागलं, तर ३०६ तुकडे बसतात, २५० चांगले निघतात, म्हणजे ६२ संच. दुपटीहून जास्त. एएमडीने २०१९ च्या एपिक प्रोसेसरमध्ये ही वाट धरली : गणनेचे छोटे तुकडे टीएसएमसी या तैवानच्या चिप करून देणाऱ्या कंपनीच्या ७ नॅनोमीटर पिढीत, बाहेरच्या जोडण्यांचा तुकडा ग्लोबलफाउंड्रीज या दुसऱ्या कंपनीच्या १४ नॅनोमीटर पिढीत. मात्र तुकडे जोडायलाही उतारा असतो. एक जोड ९९ टक्के वेळा जमत असेल, तर चारही जमायचं प्रमाण ९६. शिवाय एक खराब तुकडा बसला की तीन चांगले वाया, म्हणून आधी तपासून मगच जोडतात.

गिऱ्हाईक सहसा चकतीचे पैसे मोजतो, त्यामुळे उतारा पडला की चांगली चिप त्यालाच महाग पडते. सॅमसंगने ३ नॅनोमीटरचं उत्पादन जून २०२२ मध्ये सुरू केलं, टीएसएमसीने डिसेंबरमध्ये. नुसता मुहूर्त बघून ‘सॅमसंगची आघाडी’ लिहिणं घाईचं होतं. ॲपलने २०२३ ची आपली ३ नॅनोमीटरची चिप टीएसएमसीकडूनच करून घेतली.

महाल
‘३ नॅनोमीटर’ हे तरी माप आहे ना?

हिंगणा रोड
नाही, पिढीचं नाव आहे. त्या पिढीत शेजारच्या दोन गेटांमधलं (गेट म्हणजे ट्रान्झिस्टर चालू-बंद करणारा भाग) अंतर ४५ ते ५० नॅनोमीटरच्या घरात असतं. ‘३ नॅनोमीटर जाडीची चिप’ हे तर साफ चूक; चकतीच पाऊण मिलिमीटर जाड असते. ‘३ नॅनोमीटर पिढीची’ लिहा.

बुटीबोरी
एक राहिलं. चाचणीनंतर ‘बिनिंग’ होतं, त्याला सरळ ‘प्रतवारी’ म्हणावं. कळमन्याच्या बाजारात संत्र्याची आकारावर होते, तशीच इथे वेगावर आणि चालू भागांवर. आठ कोअरच्या (गणना करणाऱ्या भागांच्या) चिपमधले दोन बिघडले, तर ते बंद करून ती सहा कोअरची म्हणून विकली जाते. ती ‘चांगली’ धरली की नाही यावर उताऱ्याचा आकडा बदलतो. बातमीत ते येत नसेल तर आकडा अर्धवट आहे.

धरमपेठ
मग वाक्य असं करतो : ‘१०० चौरस मिलिमीटरच्या चाचणी चिपवर कंपनीला ६० टक्के उतारा मिळाला, कारखाना पूर्ण क्षमतेने सुरू आहे.’

कॉटन मार्केट
बरोबर. उतारा मिळतो, पडतो, वाढतो, घसरतो. ‘उतारा काढला’ तेवढं टाळा, ते सातबाराकडे जातं.