वर्ण आणि लिंग: अन्यायांची केवळ बेरीज?

प्रश्न: अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रीवादी ‘इंटरसेक्शनॅलिटी’ची, म्हणजे अनेक भेदभाव एकमेकांत गुंतलेले असण्याची, संकल्पना मांडतात. स्त्री म्हणून होणारा आणि वर्णामुळे होणारा अन्याय यांची बेरीज केली की तिचा आशय पुरा होत नाही का?

प्रतिसाद १: नाही. जनरल मोटर्स या मोटार कंपनीविरुद्ध कृष्णवर्णीय स्त्रियांनी केलेल्या खटल्याचा १९७६ चा निकाल पाहावा. १९६४ पूर्वी ही कंपनी कृष्णवर्णीय स्त्रियांना कामावर घेतच नव्हती. त्यामुळे पुढे मंदीत सेवाज्येष्ठतेनुसार कपात झाली, तेव्हा त्यांच्या नोकऱ्या गेल्या. कंपनीत स्त्रिया होत्याच, अर्थात गोऱ्या, म्हणून लिंगभेदाचा दावा न्यायालयाने फेटाळला. वर्णभेदासाठी दुसऱ्या खटल्यात सामील होण्यास सुचवले आणि दोन्ही आधार एकत्र जोडण्यास चक्क नकार दिला. वेगवेगळे पाहिल्यास दिसतच नाही असा हा अन्याय होता.

प्रतिसाद २: कायद्याच्या अभ्यासक किंबर्ली क्रेन्शॉ यांनी १९८९ मध्ये याच निकालाच्या चिकित्सेतून ही संज्ञा मांडली. विचार मात्र जुना आहे. कॉम्बाही रिव्हर कलेक्टिव्ह या कृष्णवर्णीय स्त्रीवादी गटाच्या १९७७ च्या निवेदनात तो स्पष्ट दिसतो.

प्रतिसाद ३: मताधिकाराचेही तसेच. स्त्रियांना मताधिकार देणाऱ्या १९२० च्या घटनादुरुस्तीला स्त्रियांचा विजय म्हणतात, पण दक्षिणेतील बहुसंख्य कृष्णवर्णीय स्त्रियांना प्रत्यक्ष मतदानासाठी १९६५ च्या मतदान हक्क कायद्याची वाट पाहावी लागली.