सेल्फ मारला, गाडी गप्प! तुमचे अनुभव सांगा

सेल्फचं बटण दाबूनही बाइकने दाद दिली नाही की पहिला आळ बॅटरीवर येतो. कधी तो खरा असतो, पण पुष्कळदा बिघाड भलतीकडेच निघतो. तुमच्या गाडीत काय निघालं ते लिहा. नुसतं 'मेकॅनिकने केलं' नको. कसं सापडलं तेही सांगा.

माझ्यापासून सुरुवात. दिवे लख्ख, बटण दाबलं की रिलेचा (सेल्फच्या मोटरला बॅटरीचा करंट जोडणारा स्विच) कटकटकट आवाज आणि दिवे मलूल. मीटरवर बॅटरी 12.7 व्होल्ट, म्हणजे भरलेली. मग कोणाला तरी बटण दाबायला लावून मोजलं. बॅटरीच्या खांबावर 12 च्या वर, आणि त्याच खांबाला बोल्टने जोडलेल्या वायरीच्या टोकावर जेमतेम 6! मधला गंज सगळं गिळत होता. पॉलिश पेपरने घासलं, बोल्ट आवळला, वरून ग्रीस. गाडी पहिल्या बटणात चालू.

* * *

माझी गाडी न्यूट्रलला एका झटक्यात चालू व्हायची, गिअरमध्ये क्लच दाबून मात्र ढिम्म. एवढ्या फरकावरून बॅटरी, रिले, मोटर सगळे निर्दोष सुटतात. उरतात क्लचचा स्विच आणि साइड स्टँडचा. स्टँडच्या स्विचमध्ये चिखल वाळून बसला होता.

* * *

हँडल डावीकडे वळवलं की सगळं बंद, सरळ केलं की चालू. हेडलाइटमागे जिथे वायरी हँडलबरोबर वाकतात, तिथे एकीचं तांबं आतल्या आत तुटलेलं. वरचं आवरण शाबूत, त्यामुळे डोळ्यांना काही दिसत नाही. मीटर बीपवर (वायर अखंड असली की वाजतो) ठेवून हँडल फिरवत राहा.

* * *

आधीच्या मालकाने नवीकोरी बॅटरी घालून गाडी दिली, तीही उतरायला लागली. इंजिन रेझ करून बॅटरीवर मोजलं तर 12.3 व्होल्टच्या वर जाईना, 13.5 ते 14.5 हवे होते. स्टेटरच्या (इंजिनच्या जोरावर वीज तयार करणाऱ्या कॉइली) तीन पिवळ्या वायरी सोडवून दोन-दोनमध्ये एसी मोजला, तिन्ही जोड्या सारख्या. म्हणजे स्टेटर ठीक. पुढे रेक्टिफायरचा (त्या एसीचा डीसी करून बॅटरीला देणारा) कनेक्टर उघडला तर वितळलेला! अशा वेळी बॅटरी विकणाऱ्याचंच फावतं.

* * *

एकच 'टक', पुढे शांतता. रिलेतून मोटरकडे पूर्ण व्होल्टेज जात होतं. मोटरवर हलकेच ठोकलं की फिरायची. मोटरच्या आत फिरत्या भागाला करंट पोचवणारे कार्बन ब्रश झिजलेले.

* * *

किल स्विच (हँडलवरचा इंजिन बंद करायचा स्विच) पाहिला का? हसू नका, आधी बघा. आणि स्क्रूड्रायव्हरने रिले शॉर्ट करणाऱ्यांनो, गाडी न्यूट्रलला आहे ना? तसं केलं की सगळे सेफ्टी स्विच टाळले जातात, गिअरमध्ये असेल तर गाडी उडी मारते. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह सोडवा.

* * *

माझं कोडं अजून सुटलेलं नाही. थंड गाडी झकास सुरू होते, लांब रपेटीनंतर सेल्फ रडतो. जरा निवली की पुन्हा ठीक.

* * *

गरम असतानाच बटण दाबून बॅटरीवर मोजा. 10 च्या बरंच खाली गेलं तर बॅटरी पूर्ण चार्ज करून तेच परत करा; तरी तसंच राहिलं तर मोटर जास्त करंट ओढतेय का ते बघावं लागेल. व्होल्टेज टिकलं, तर बटण दाबलेलं असतानाच बॅटरीचा निगेटिव्ह आणि इंजिनची बॉडी यांच्यात मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थिंगची वायर आणि तिचे जोड उघडा. आकडे इथेच टाका, मग पुढचं बघू.