व्हिएन्ना ऑपेरा उभ्याने बघा

व्हिएन्नाच्या ऑपेराची तिकिटं महाग, त्यामुळे इमारतीची नुसती गाइडेड टूर पुरे, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. व्हिएन्ना स्टेट ऑपेरात उभ्याने बघायची स्वस्त तिकिटं असतात, ती घ्याच. पूर्वी आपल्या जागेच्या कठड्याला स्कार्फ बांधून जागा राखायची पद्धत होती. आत गेलं की आधी निवांत फिरा.

भव्य जिना १८६९चा, मूळचा. १२ मार्च १९४५च्या बॉम्बहल्ल्यात प्रेक्षागृह आणि रंगमंच जळाले, दर्शनी भाग वाचला. जिना चढून प्रेक्षागृहात पाऊल टाकलं की नक्षीकाम एकदम ओसरतं, जुन्या आणि पुन्हा बांधलेल्या भागातला तो सांधा नीट बघा. मला तिथे गलबलून आलं. १९५५ साली बेथोवनच्या ‘फिडेलिओ’ या ऑपेराने हे ऑपेरागृह पुन्हा उघडलं.

वाग्नर या जर्मन संगीतकाराचा ऑपेरा असेल तर मात्र बूट आरामाचेच घाला, चार-पाच तास सहज जातात.