टाके निघाल्यानंतर : किशोरवयात मेंदूला दुखापत झालेल्यांचे अनुभव

सायली_प
डोक्याला मार लागलेल्या शेजारच्या नववीतल्या मुलाला परवा रुग्णालयातून घरी आणले. "स्कॅन नॉर्मल आहे, सोमवारपासून क्लास सुरू," असे त्याच्या आईने आनंदाने सांगितले आणि मला माझी अकरावी आठवली. दुचाकीवर मागे, हेल्मेटशिवाय बसले असताना अपघात झाला होता. मेंदूला सूज असल्यामुळे कवटीचा तुकडा काढून पोटाच्या त्वचेखाली ठेवला होता आणि काही महिन्यांनी तो परत बसवला. केस वाढले, खूण झाकली गेली आणि सर्वांच्या लेखी मी बरी झाले. परंतु पान वाचून होईपर्यंत त्याचा वरचा परिच्छेद मनातून निसटलेला असे, चार मैत्रिणी एकदम बोलू लागल्या की एकीचेही बोलणे धरता येत नसे आणि दुपारनंतर असा थकवा येई की बाकावर डोके टेकावेच लागे. शिक्षक त्याला आळस म्हणत. ज्यांनी हे वय अशा दुखापतीसह काढले किंवा घरात पाहिले, त्यांनी कृपया लिहावे.

आईची_डायरी
आमचा मुलगा सहावीत असताना गच्चीवरून पडला. वर्षभरात तो पूर्ववत झाला असे आम्हांला वाटले. अडचणी दिसू लागल्या त्या नववीत. अभ्यासाचे नियोजन जमेना, मनात येईल ते तो पाहुण्यांसमोर बोलून टाकू लागला आणि क्षुल्लक कारणावरून ताट भिरकावू लागला. नातेवाईक म्हणाले, "वयच तसे आहे." मेंदूतज्ज्ञांनी मात्र समजावले की संयम आणि नियोजन सांभाळणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो, त्यामुळे लहानपणी तिथे झालेली इजा त्या क्षमतांची गरज पडू लागल्यावरच उघड होऊ शकते. हे आम्हांला रुग्णालयातून निघतानाच कोणी सांगितले असते, तर त्या मुलाचे कितीतरी अपमान टळले असते.

नदीकाठ
माझी वास घेण्याची क्षमता गेली. नाकातून मेंदूकडे जाणारे मज्जातंतू चाळणीसारख्या हाडातून जातात आणि डोक्याला जोराचा हिसका बसला की ते तुटू शकतात. पंधराव्या वर्षी सर्वांत मोठी भीती ही होती की आपल्या घामाचा वास येत असेल आणि आपल्याला कळत नसेल.

मध्यरक्षक
सायलीताई, तुमचा थकव्याचा अनुभव वाचून धीर आला. मी फुटबॉल खेळत असे. डोके आपटल्यावर त्याच सामन्यात पुन्हा मैदानात उतरायचे नसते, हे आमच्या संघात कोणालाही माहीत नव्हते. पुढे कित्येक आठवडे ट्यूबलाइटच्या उजेडानेही डोके दुखे. मित्र आधी रोज येत, नंतर रविवारी येऊ लागले आणि मग येईनासे झाले. ते वाईट नव्हते. माझी उत्तरे उशिरा येत आणि तोवर त्यांचे बोलणे पुढे गेलेले असे.

आईची_डायरी
मध्यरक्षक, आमच्या मुलाचेही असेच झाले. त्याचा एक मित्र मात्र टिकला. तो येतो आणि दोघे फारसे न बोलता कॅरम खेळतात.

गणित_शिकवतो
मी शिक्षक आहे. अशा विद्यार्थ्याला एका वेळी एकच सूचना, तीही लिहून द्यावी, तासांमध्ये विश्रांती द्यावी आणि दुपारी चाचणी ठेवू नये. एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो, असे मी पाहिले आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत मेंदूच्या दुखापतीची स्वतंत्र नोंद नाही, त्यामुळे प्रमाणपत्र मागे राहिलेल्या दोषाचे, म्हणजे हातापायांतील अशक्तपणाचे, वाचेचे किंवा दृष्टीचे, मिळते. ज्यांना फक्त स्मरणाची आणि थकव्याची अडचण आहे, ती मुले यातून सुटून जातात, याचे मला फार दुःख होते.

सायली_प
सर, बोर्डाच्या परीक्षेत लेखनिक हवा असल्यास प्रमाणपत्रासाठी अर्ज कुठे करावा? शेजारच्या ताईंना आजच सांगायचे आहे.

गणित_शिकवतो
स्वावलंबन पोर्टलवर, म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्रासाठीच्या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर, अर्ज करावा. तपासणी शासकीय रुग्णालयात होते. रुग्णालयातून सोडतानाचे कागद आणि स्कॅनचे अहवाल सोबत न्यावेत आणि शाळेच्या मुख्याध्यापकांना लेखी अर्ज आत्ताच द्यावा.